ओझं टेकायची भिंत

साहेबांची म्हणून एक खुर्ची होती, पण त्या खुर्चीत साहेबांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ती खुर्ची आज माझ्या ओसरीवर आहे. ती माझ्याकडं कशी आली हेच सांगायला बसलो आहे. पण साहेब हा सरळ रेषेत सांगता येणारा माणूस नव्हे, त्यामुळं मीही जरा इकडून तिकडून येणार.

घडीची, जाड कापडाची खुर्ची. फिरतीवर निघालो की शिपाई ती पाठीला बांधून जंगलातून चालायचा. मुक्काम आला की झाडाखाली उघडायची, फडक्यानं पुसायची, आणि जो कोणी फिर्यादी किंवा साक्षीदार पुढं येईल त्याला साहेब म्हणायचे, "बसा." स्वतः शेजारी काठी टेकून उभे. जोयड्याच्या डोंगरातली माणसं त्या काळी सरकारी पागोटं लांबून दिसलं तरी वाट सोडून रानात शिरत. ती त्या खुर्चीकडं अशी बघत, जणू तिच्यात नाग वेटोळं घालून बसलाय. एका म्हाताऱ्यानं तर खाली जमिनीवर बसून खुर्चीचा एक पाय मुठीत धरला आणि म्हणाला, "मी हिला धरून बसतो, सायबा. हां, आता बोल, काय इचारायचं ते." साहेबांनी मान डोलावली. त्याची अख्खी जबानी खुर्चीचा पाय धरून झाली.

मी एकदा न राहवून विचारलं, "साहेब, आपण का उभे राहता?"

"उभा माणूस पळायच्या बेतात असतो, बसलेला सांगायच्या," ते म्हणाले. "मला नेहमीच पळायचं असतं."

हे ते हसून म्हणाले की खरंच, हे मला अजून कळलेलं नाही.

साहेब सरकारचे चौकशी अंमलदार, आणि मी तेव्हा त्यांच्या हाताखाली कारकून होतो. आम्ही खानापुराच्या बाजूचे शेतकरी. माझ्या बापाला सही येत नव्हती, आणि हे मी लपवत नाही. उलट ते सांगितल्याशिवाय माझ्या पदवीचं वजन कळत नाही. आमच्या सात गावांच्या भावकीत कॉलेजचा उंबरठा ओलांडलेला मी पहिला. पुण्याहून बी.ए. होऊन आलो तेव्हा बापानं बैलांच्या शिंगांना रंग लावून मला स्टेशनावरून घरी नेलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "घरात पहिल्यांदा काय केलंस?" म्हणाले. मी म्हटलं, "बी.ए." झालं. त्या दिवसापासून मी 'बी.ए.'. भर बाजारात हाक यायची, "अरे बी.ए., छत्री!"

थट्टा नव्हती ती. सगळ्यांनाच ते असं नाव देत. नंदिगड्ड्याचा शिपाई त्याच्या घराण्यात पहिल्यांदा कारवारला जाऊन समुद्र बघून आलेला, म्हणून तो 'समुद्र'. स्वयंपाकी आधी एका नाटकमंडळीत होता, त्याच्या घरात कोणी तोंडाला रंग लावला नव्हता, तो 'नट'. "आईबापांनी ठेवलेलं नाव सगळ्यांना फुकट मिळतं," साहेब म्हणत. "माणसानं एकतरी मिळवलेलं असावं." मी एकदा विचारलं, की साहेब, या हिशेबानं तुमचं नाव काय? "माझ्या घरात चार पिढ्या सगळे साहेबच," ते म्हणाले. "मी अजून पहिल्यांदा काही केलेलं नाही."

दिसायला उंच, काटक. काळा कोट, आणि त्याचे दोन्ही खिसे खाली लोंबलेले, कारण दोहोंत भाजलेल्या आठळ्या. फणसाचा हंगाम संपल्यावरही त्यांच्यासाठी मातीत माखून ठेवलेल्या आठळ्या कोणी ना कोणी पोचवायचंच. साक्षीदार खुर्चीत टेकला की साहेब त्याच्या हातावर एक आठळी ठेवत. "खा. जोवर माणूस चावतो तोवर खोटं बोलत नाही." हे कोणत्या कायद्यात आहे ते मी शोधलं नाही. पण आठळी तोंडात असताना रचून बोलणारा माणूस मी खरोखरच पाहिला नाही. खोटं बोलायचं असलं की माणूस आधी गिळतो.

चौकशीच्या वेळी मी लेखणी उचलली की ते ती माझ्या हातातून काढून घेत. "आधी ऐक. लिहिणारा ऐकत नाही." सगळं ऐकून झालं की लेखणी परत. जंगलात शिरलं की बूट काढून नाड्या एकमेकींना बांधत आणि खांद्यावर टाकत. समोरून कोणी मोठा अंमलदार घोड्यावरून आला तरी तसेच, बूट छातीवर हलताहेत. मला शरमेनं घाम फुटायचा. त्यांना नाही.

आता त्या जागेची गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याच्या बाजारगावात रस्ता एकच. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात तेवढीच धूळ. सरकारनं ठरवलं की रस्ता रुंद करायचा, दोन्ही अंगांना दगडी गटार बांधायचं. पैसा कुठून आणायचा? तर जंगलाकडची वाट गावात शिरते तिथं, रस्त्याच्या अगदी तोंडाला, सरकारी मोकळी जागा होती. ती लिलावात विकायची आणि त्यातून रस्ता सुधारायचा. दवंडी पिटली, 'ज्याचा हक्क असेल त्यानं येऊन सांगावं.' कोणी आलं नाही. जागा भाताच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं घेतली. सगळे त्याला नुसतं शेट म्हणत. शेटनं तिथं वखार घालायची म्हणून भोवती बांबूचं कुंपण केलं. दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या पोटात दुखलं. त्यानं वर अर्ज केला, की जागा पाण्याच्या मोलानं गेली, लिलावात काळंबेरं आहे. वरून चौकशीचा हुकूम आला, तो आमच्या साहेबांच्या नावावर. हुकमात विचारलेलं एवढंच, की किंमत रास्त आली की नाही.

जागेवर होतं काय? एक जांभ्या चिऱ्यांची भिंत. घराची म्हणावी तर छप्पर नाही, आवाराची म्हणावी तर दोन्ही टोकं मोकळी. छातीइतकी उंच, वरून सपाट आणि घासून घासून गुळगुळीत. नकाशात तिच्यापुढं लिहिलेलं होतं, 'पडकी भिंत'.

चावडीत चौकशी बसली. शेटच्या बाजूनं बेळगावचे एक वकील आले होते, रेशमी काठाचं उपरणं, बोलणं तुपासारखं. लिलावाला हजर असलेले सगळे एकेक करून खुर्चीत बसून आठळी चावून गेले. दुपारपर्यंत स्पष्ट झालं की लिलाव स्वच्छ होता. बोली खुली होती, भाव रास्त होता. मी कागद आवरायला घेतले.

"डोंगरातलं कोणी आलंय का?" साहेबांनी विचारलं.

वकील हसले. "त्यांचा काय संबंध, साहेब?"

"संबंध नसलेली माणसं मला आवडतात."

समुद्र बाहेर गेला आणि दोघांना घेऊन आला. एक कुणब्यांचा बुधवंत, म्हणजे त्यांच्या जातीचा मुखिया, आणि एक बाई. बाई कुंभारवाड्याकडची, नवरा नसलेली, एकटीच डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला येणारी. सगळा बाजार तिला अक्का म्हणायचा.

साहेबांनी बुधवंताला विचारलं, "ती भिंतीची जागा कुणाची?"

"सरकारची आसंल."

"तुमची आहे?"

बुधवंतानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "न्हाई, न्हाई सायबा! आमची न्हाई. आमची म्हणायचीच न्हाई!"

"ऐकलंत?" वकील माझ्याकडं वळले. "घ्या लिहून."

अक्का आली. खुर्चीला भ्यालीबिली नाही. पदर सावरून ऐटीत बसली. तिनंही तेच सांगितलं, "माजी न्हाई. कुणाचीच न्हाई." आणि उठून गेली. वकिलांनी उपरणं झटकलं. चौकशी संपल्यासारखीच होती.

साहेबांनी सही केली नाही. बाहेर पडता पडता मला म्हणाले, "तिनं आठळी खाल्ली नाही. मुठीत धरून नेली."

"आवडत नसेल, साहेब."

"कुंभारवाड्याच्या माणसाला आठळी आवडत नाही? बी.ए., चल, चालायचंय."

कुंभारवाडा म्हणजे एक गाव समजू नका. इथं एक घर, ओढ्यापलीकडं दुसरं, मधे बांबूची बेटं आणि भाताची खाचरं. आम्ही अक्काच्या अंगणात पोचलो तेव्हा ती सूप पाखडत होती. साहेबांच्या खांद्यावरचे बूट बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय रे सायबा, वाट चुकलास?"

"भूक लागली, अक्का."

हीही त्यांची रीत. ज्या गावचा प्रश्न, त्या गावचं अन्न पोटात गेल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. तिनं पेज वाढली, उकडलेली कोनफळं आणि मिरचीचा ठेचा. आपणही समोर घेऊन बसली. तिच्या तोंडात घास गेल्यावर साहेबांनी विचारलं, "जागा तुझी नाही म्हणालीस, ते खरं?"

"खरंच तर. राखणदाराची हाय ती, डोंगर राखणाऱ्या देवाची. राखणदाराच्या जाग्याला 'माजी' म्हटलं तर वाघ दारात येऊन बसतो."

"मग दवंडी पिटली तेव्हा गप्प का राहिलात?"

"दवंडीवाला म्हणला, ज्याची आसंल त्यानं या. आमची न्हाई, तर कशाला येऊ? खोटं बोलाया?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेजेकडं पाहिलं. पुण्यात तर्कशास्त्राला मला चांगले गुण होते, पण या उत्तरात कुठं बोट घालावं ते मला सापडेना.

"आणि भिंत?" साहेब म्हणाले.

"भिंत कशाला इचारतोस? ती पाटी उचलून बघ, मग सांगते."

बाजाराला न्यायची कोनफळांची पाटी पडवीत भरून ठेवली होती. साहेबांनी कोट काढला, वाकले, पाटीला हात घातला. ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथून पुढं काही येईना. अक्का पदर तोंडाला लावून हसली, आतून तिची जाऊ हसली, गोठ्यातून दीर हसला.

"एकट्याचं काम न्हवं ते," ती म्हणाली. "चढवाया घरात दीर हाय, जाऊ हाय. बाजारात उतरवणार कोण? ती भिंत. भिंत छातीला लागली की मान जरा वाकवायची, पाटी आपसूक सरकती. दम खायचा, पाणी प्यायचं. मग मोकळ्या डोक्यानं चार दुकानं फिरून भाव इचारायचा. ज्याचा पटला त्याचा माणूस येऊन पाटी उचलतो."

"आणि भिंत नसली तर?"

"मग शेटचा माणूस धावत येतो. 'ये अक्का, उतर, उतर!' वाईट न्हाई तो, पाणी देतो, गूळ पण देतो. पण उतरवील त्याचा माल. तो म्हणंल तो भाव. तुला ही रीत ठाव न्हाई, सायबा?"

मलाही ठाऊक नव्हती. आमच्या घरी बैलगाडी होती. डोक्यावरच्या ओझ्याचे कायदे वेगळे. एकदा एका व्यापाऱ्यानं पाटी उतरवून घेतली की दुसरा कोणी ती परत डोक्यावर चढवून देत नाही, तशी बोलीच आहे बाजाराची. म्हणजे रस्त्याच्या तोंडाला पहिल्यांदा जो उभा, त्याचा सगळा डोंगर. आजवर तिथं भिंत उभी होती. आता शेट उभा राहणार होता. त्यानं जागेचा भाव रास्त दिला होता, यात शंका नाही. पण त्या जागेबरोबर अख्ख्या डोंगराचा माल आला होता, आणि त्याचा भाव कोणी धरलाच नव्हता.

कुंपण पडल्यापासून अक्काच्या तीन खेपा शेटच्याच दुकानात गेल्या होत्या. "यंदा कोनफळं ढीग आली," ती म्हणाली, "आणि हातात काय न्हाई. मीठ सुद्दा त्याच्याकडनंच."

साहेबांनी परत एकदा पाटीच्या काठाला हात लावून पाहिला. म्हणाले, "बाजाराच्या दिवशी ही पाटी मी नेतो."

सगळे परत हसले. साहेब हसले नाहीत.

बाजाराच्या दिवशी मी आणि अक्काच्या दिरानं ती पाटी साहेबांच्या डोक्यावर चढवली. अक्कानं चुंबळ नीट बसवून दिली. "मान ताठ ठेव. खाली बगू नको. बोलू नको." शेवटचं सोडून त्यांनी सगळं पाळलं. वाटेत ओढ्याकाठी आम्ही घरचीच माणसं पाटी उतरवत होतो, चढवत होतो. वाटेत घरच्यांनी उतरवलेल्याला रीत लागत नाही, बाजाराच्या तोंडाला आलं की मात्र कुणालाही लागते. साहेबांच्या कपाळाची शीर टरारली होती. मला म्हणाले, "बी.ए., डोक्यावर ओझं असलं की बाजूला बघता येत नाही, मागं बघता येत नाही. कुठं टेकायचं, एवढंच दिसतं." मग पुष्कळ वेळानं म्हणाले, "आजवर मी किती जणांना बाजूला बघायला सांगत होतो."

बाजार भरला होता. काळा कोट, पागोटं समुद्रच्या हातात, बूट खांद्यावर आणि डोक्यावर कोनफळांची पाटी, असे आमचे साहेब रस्त्याच्या तोंडाला आले. ज्यानं पाहिलं तो जागीच थांबला. मिठाचं माप अर्ध्यावर राहिलं. साहेब थेट कुंपणापाशी गेले आणि उभे राहिले. हातभर पलीकडं भिंत. मधे बांबू.

शेट दुकानातून धावतच आला. "अहो साहेब! हे काय हो! अरे देवा... थांबा, थांबा, उतरवतो मी." त्यानं दोन्ही हात वर करून पाटीला लावलेसुद्धा.

"थांबा, शेट," पाटीखालून आवाज आला. "उतरवायच्या आधी एक सांगा. उतरवलंत, तर माल कुणाचा?"

सगळा बाजार जवळ सरकला. शेट 'तुमचा' म्हणता, तर पुढच्या बाजारापासून प्रत्येक डोंगऱ्यानं ते त्याला ऐकवलं असतं. 'माझा' म्हणावं, तर समोर चौकशी अंमलदार. शेटचे हात तसेच वर, आरतीला उभा राहावा तसा तो उभा. मागं वकील हळूच पुटपुटत होते, "बोलू नका, काही बोलू नका." पण शेटचा सगळा धंदा तोंडच्या शब्दावर चाललेला. बाजारासमोर बाजाराच्या रीतीबद्दल खोटं बोलणं त्याच्याच्यानं होईना.

"रीत हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मी काढलेली न्हाई. माझ्या आज्याच्या आधीची हाय. उतरवील त्याचा माल."

"मग हात खाली घ्या."

शेटनं हात खाली घेतले. साहेब पाटी घेऊन तसेच उभे.

"साहेब," वकील पुढं झाले, "चौकशी किमतीची आहे, एवढं लक्षात असू द्यावं."

"किंमतच बघतोय, वकीलसाहेब. मानेवर आहे." मग मला, "बी.ए., आता लिही."

मी समुद्रच्या पाठीवर कागद ठेवून लिहू लागलो. साहेबांनी विचारलं, "शेट, जागा घेण्याआधी ही भिंत बघितली होती?"

"व्हय."

"काय म्हणून बघितलीत?"

वकिलांनी शेटचा दंड धरला. शेटनं तो सोडवून घेतला. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. "ती बघूनच जागा घेतली, साहेब," तो म्हणाला.

साहेबांची मान आता थरथरत होती. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कोणीतरी ओरडलं, "आरं, सायबाची मान जाईल!" पण पुढं कोण होणार? तेव्हा अक्का गर्दीतून आली आणि कुंपणाचे बांबू एकेक उपसू लागली.

"ए बाई! खाजगी मालकीचं आहे ते!" वकील ओरडले.

"मग तू उतरव," अक्का म्हणाली. वकील दोन पावलं मागं सरले. बाजार हसला.

वाट झाली. साहेब आत गेले, भिंतीला छाती लावली, मान जराशी वाकवली. पाटी सरकली आणि भिंतीवर बसली. इतक्या अलगद की आवाज आला नाही. आवाज आला तो सगळ्या बाजाराचा, सोडलेल्या श्वासाचा. मी बी.ए. माणूस, पण माझे डोळे भरून आले.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी. "इचारलंस न्हाई," ती म्हणाली.

"कुणाला?"

"राखणदाराला. टेकायच्या आधी 'टेकू का?' म्हणायचं असतं."

"राहिलं खरं," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पुढल्या वेळी विचारीन."

वकील मात्र वकील होते. "साहेब, कुंपण आपल्या ओझ्यासाठी मोडलं गेलं. आपल्यासमोर. आता आपण या कामात अंमलदार राहिला नाहीत, पक्षकार झालात."

साहेबांनी खिशातून आठळी काढली, तोंडात टाकली आणि चावत राहिले. "खरं आहे," म्हणाले. "लिही, बी.ए."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर कळवलं, की मी या प्रकरणात साक्षीदार झालो आहे, चौकशीला दुसरा माणूस पाठवा. त्यांच्या बढतीची वेळ तेव्हा अगदी दारात आली होती आणि चौकशी अर्धी टाकलेल्या माणसाला बढती मिळत नाही, हे कचेरीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी रागानं म्हणालो, "साहेब, कशाला? शेरा तुम्हीच लिहा, भिंत राखा, झालं."

"मी लिहिला तर तो शेरा होईल," ते म्हणाले. "शेरा वरचे लोक एका रेघेनं खोडतात, कारण त्याच्याखाली 'जागा आमची नाही' म्हणणाऱ्यांच्या जबान्या आहेत. राखणदाराच्या जागेवर हक्क सांगणारा एकही माणूस डोंगरात मिळायचा नाही. आणि तसा मिळू नये. मग सांगणार कोण? तिथं ओझं टेकलेला आणि वाघाला न भिणारा, असा मी एकटाच आहे."

दुसरे अंमलदार आले. वयानं लहान, इस्त्रीचा कोट, टेबलामागं बसणारे. त्यांनी साक्षीदाराला हाक मारली. समुद्रनं खुर्ची उघडली, पुसली, आणि तोंड फिरवून चावडीच्या भिंतीकडं बघत उभा राहिला. साहेब येऊन तिच्यात बसले. तेच ते एकदा. बसल्यावर ते मला एकदम म्हातारे वाटले आणि त्याच वेळी, काय सांगू, सिंहासनावर बसल्यासारखे वाटले. त्यांनी एक आठळी त्या अंमलदारापुढं केली. अंमलदारांनी मान हलवली. मग साहेबांनी ती स्वतःच खाल्ली.

"धंदा?"

"आजवर चौकशी. हल्ली ओझं."

वकिलांनी विचारलं, "ती जागा आपली आहे?"

"नाही."

"कुणाची आहे?"

"ते मला ठाऊक नाही."

"मग तिथं आपला हक्क काय?"

"मी तिथं ओझं टेकलं."

"एवढंच?"

"आपण कधी डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला आला आहात?"

"नाही."

"मग 'एवढंच' हा शब्द परत घ्या."

वकिलांनी घेतला नाही. पण टेबलामागचे अंमलदार लिहायचे थांबले आणि ऐकू लागले. पुढं शेटला बोलावलं, तेव्हा तोही बाजारात बोललेल्या शब्दावरून हलला नाही.

निकाल भाताची लावणी होऊन गेल्यावर आला. लिलाव खरा, किंमत रास्त, जागा शेटची. मात्र भिंत आणि तिच्यापुढची उभं राहण्यापुरती जमीन विक्रीतून वगळली, आणि रस्ता तेवढ्यापुरता आत घेतला. आजही त्या गावात जाल तर सरळ आलेला रस्ता तोंडाशी एकदम वाकतो. परका माणूस म्हणतो, आखणीत चूक झाली. शेटनं मागं सरून वखार बांधली आणि मरेपर्यंत तक्रार केली, "सायबाच्या कोनफळांनी माझी पडवी खाल्ली." पण तिथं पाण्याचा रांजण त्यानंच भरून ठेवायला सुरुवात केली.

साहेबांची बढती गेली. बदली आली, कुठंतरी लांब, दप्तरखान्यात, जिथं कोणाला काही विचारायचं काम नाही.

निघायच्या दिवशी बाजार होता. सामान गाडीतून पुढं गेलं होतं. समुद्रनं खुर्ची पाठीला बांधायला घेतली, तर साहेबांनी ती काढून घेतली, मिटली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. तसेच बाजारातून निघाले, बूट खांद्यावर. लोक बाजूला होत होते. मी मागं. भिंतीपाशी आल्यावर ते थांबले. भिंतीवर पाट्या टेकलेल्या, अक्का तिथंच पाणी पीत होती. साहेबांचे ओठ हलले. मग ते कान देऊन उभे राहिले, साक्षीदारासमोर उभे राहत अगदी तसे.

"इचारलंस?" अक्कानं विचारलं.

"विचारलं. टेकू का म्हटलं."

"काय म्हणला?"

"नको म्हणाला." साहेबांना मान वळवता येत नव्हती, समोर भिंतीकडं बघतच ते बोलले. "म्हणतो, इथं नको. बी.ए., तू उतरव."

अक्कानं तांब्या खाली ठेवला. "आगा ए, सांभाळ!" ती मला म्हणाली. "उतरवलीस तर तुजी व्हईल!"

मी दोन्ही हात वर केले.